बन्सीलालच्या नावाचं बोट

मित्रांनो, तुमची माझी रोज गाठ पडते, पण तुम्ही माझ्याकडे कधी नीट पाहिलेलं नसेल. पाहणार तरी कसं? बाहेर पडायची घाई असते. पाय उचलता आणि जाता. तरी हरकत नाही, मी ओळख करून देतो. मी उंबरठा आहे. वय सत्तरीच्या पुढे, अंग बाभळीचं, उंची अर्धी वीत. मधोमध पावलांनी झिजून एक उथळ खळगी पडली आहे. शिंदखेड्याच्या अलीकडे एका गावात, तेलघाणीच्या गल्लीत, भटूनानांच्या दाराला मी बसवलेला होतो. ‘होतो’ का म्हणतो, ते पुढे येईलच.

त्याआधी मी शेताच्या बांधावरची बाभूळ होतो. नानांच्या वडिलांनी मला तोडलं आणि कीड लागू नये म्हणून चार महिने नदीच्या डोहात बुडवून ठेवलं. मग सुताराने रंधा मारला. मला दारात बसवलं त्या दिवशी हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि सगळे आत गेल्यावर सात वर्षांचा भटू येऊन माझ्यावर बसला. उंबरठ्यावर बसू नये असं सांगून आईने त्याचा कान पिरगाळला. तो उठला नाही. आमची मैत्री तेव्हापासूनची.

मी स्वतः कधी कुठे गेलो नाही. पण गाव मला माहीत होतं, कारण तेव्हा माणसं अनवाणी असायची आणि गाव पायाला लागून घरात यायचं. नदीवरून आलेल्या पायांच्या बोटांत ओली वाळू असायची. सरकी काढायच्या कारखान्यातून, म्हणजे जिनातून, आलेल्या बायांच्या टाचांना कापसाची पिंज चिकटलेली असायची, एखादी सरकीही माझ्या फटीत येऊन पडायची. आखाजीचा सण आला की गढीखालच्या मोठ्या निंबाला, म्हणजे कडुनिंबाला, झोके बांधत. सासरहून आलेल्या लेकी दिवस दिवस तिथे झुलायच्या आणि संध्याकाळी घरी येताना पायाला निंबाची बारीक पांढरी फुलं घेऊन यायच्या. त्या रात्री माझ्या अंगाला कडसर गोड वास यायचा.

आणि बन्सीलाल. गल्लीच्या टोकाला त्याची घाणी होती. डोळ्यांवर झापड बांधलेला बैल दिवसभर गोल फिरायचा आणि लाकडी घाणीचा कर्र कर्र आवाज आमच्या दारापर्यंत यायचा. बन्सीलाल भटूच्या वयाचा. दिवसातून चारदा यायचा, तेलकट पायांनीच यायचा. त्याच्या पावलांचं तेल माझ्यात मुरत गेलं. मला वाळवी लागली नाही, ती त्याच्यामुळे. घरातले मात्र वैतागायचे. नानांची बायको भिकुबाई दारातच त्याला अडवायची.

“भाऊजी, पाय धुवा आधी. माझं घर म्हणजे तुमची घाणी नाही.”

“वहिनी, फुकट तेल लावी राहिनू तुन्हा उंबरठाले, आन तू मन्हावरच चिडस?”

असं त्यांचं चालायचं. भिकुबाई गेली त्यालाही आता सहा वर्षं झाली.

मग गाव हळूहळू यायचं थांबलं. नदीत वाळू उरली नाही. जिन बंद पडलं, तिथे मंगल कार्यालय झालं. निंब एका उन्हाळ्यात वाळला आणि तोडला. माणसं चपला-बुटांत आली, चपला बाहेरच्या पायरीवर सुटू लागल्या, आणि धुतल्यासारखे स्वच्छ पाय माझ्यावरून जाऊ लागले. त्यांवरून काही कळायचं नाही. घरातही बदल झाले. मातीच्या धाब्याच्या जागी स्लॅब पडला, फरशी आली. मी तेवढा राहिलो, तो कुंदाबाईंमुळे.

कुंदाबाई नानांची सून. त्यांचा नेम असा की सकाळी अंघोळ झाली की ओल्या हाताने मला पुसायचं, दोन बाजूंना हळदीकुंकवाची बोटं लावायची, मधे रांगोळीची चार टिंबं काढायची, हात जोडायचे, आणि मगच तोंडात चहाचा घोट घ्यायचा. ताप असो, पाहुणे असोत, बावीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. मला मनातून फार बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

आणि अशा माझ्याच हातून ते झालं. माझ्या अंगामुळे म्हणा. दोन वर्षांपूर्वी नाना बाहेर निघाले होते. पाय नेहमीएवढा उचलला गेला नाही. माझ्या कडेला अंगठा अडकला आणि नाना पायरीवर आडवे झाले. खुब्याचं हाड मोडलं. धुळ्याला ऑपरेशन झालं. घरी आले ते वॉकर घेऊन. सपाट फरशीवर चालत, पण माझ्यापाशी आले की थांबत. तेव्हापासून त्यांची खाट दाराजवळ आली आणि सगळं गाव माझ्या पलीकडे राहिलं.

नानांचा मुलगा प्रेमराज पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. चांगला आहे, पण कायम घाईत. तो म्हणाला, “नाना, मी उचलून नेतो ना तुम्हाला बाहेर. दोन मिनिटांचं काम.”

नाना म्हणाले, “मले या घरमाईन एकच वार उचलीसन नेवानं. आते नही.”

म्हणजे माणसाला घरातून उचलून नेतात ते एकदाच, आणि ती वेळ अजून आलेली नाही. यापुढे कोण काय बोलणार?

मग प्रेमराजने दुसरा उपाय काढला. उंबरठा काढून टाकायचा, तिथे फरशीच्या बरोबरीने ग्रॅनाइटची पट्टी, बाहेर उतरता उतार. कुंदाबाईंचे हात तिथल्या तिथे थांबले. त्या कधी मोठ्याने बोलत नाहीत. इतकंच म्हणाल्या, “सासूबाईंनी पुजला, त्यांच्या सासूबाईंनी पुजला. आखाजीला पितर येतात ते कुठे थांबतील? मी बोटं कशावर ओढू?” विषय तिथेच मिटला. मित्रांनो, मला तेव्हा आनंद झाला होता. त्या आनंदाची मला आज लाज वाटते.

खाटेवर बसून नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे. नदीला पाणी आहे का? गढीखाली कोणी बसतं का? आणि लोक चपला शोधता शोधता सांगायचे, “नाही राहिलं नाना आता ते.” बाजाराची जागा? नाही राहिली. तंबूतला सिनेमा? नाही राहिला. सगळ्यांना एकच उत्तर. नाना मान हलवायचे आणि भिंतीकडे वळायचे.

गेल्या वर्षी रस्ता रुंद झाला, त्यात घाणीची जागा गेली. बन्सीलालचा मुलगा चोपड्याला असतो. तो आला आणि वडिलांना घेऊन गेला. जाण्याच्या गडबडीत भेट झाली नाही. आठ दिवस बन्सीलाल दिसला नाही, म्हणून नानांनी प्रेमराजला विचारलं, “बन्सी काबर येत नही?”

प्रेमराजचा एक पाय आत होता, एक माझ्यावर. बाहेर खडी भरलेला डंपर चालला होता. तो म्हणाला, “बन्सीकाका? नाही राहिले नाना ते आता तिथं. नंतर सांगतो.” आणि गेला. ‘तिथं’ हा शब्द डंपरखाली गेला. मी ऐकला, कारण त्याचा पाय माझ्यावर होता. नानांनी ऐकला नाही. त्यांच्या कानांपर्यंत आलं ते एवढंच, की बन्सीलाल नाही राहिला.

नंतर कोणी काही सांगितलं नाही, नानांनीही पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी त्यांनी जेवणातला गूळ बाजूला सरकवला. मग चहा बिनसाखरेचा मागितला. दिवाळीला लाडू नाही, संक्रांतीला तिळगूळ नाही. घरातल्यांना वाटलं, म्हातारपणी साखरेची भीती बसली. प्रेमराज कौतुकानेच म्हणाला, “नाना आता पथ्य पाळायला लागले!” मला सगळं माहीत होतं. पण लाकडाला तोंड नसतं, मित्रांनो.

मग यंदाची आखाजी आली. तुम्ही तिला अक्षय्य तृतीया म्हणाल. आमच्याकडे त्या दिवशी लाल मातीची घागर पाण्याने भरतात, तिच्यावर छोटा लोटा, त्यावर आंबा ठेवतात, आणि शेजारी पानात गोड सांजोऱ्या. हे गेलेल्या माणसांसाठी. ती त्या दिवशी दाराशी येतात, त्यांना तहान लागलेली असते. आणि माझ्यावर कुंकवाची बोटं ओढतात. एकेकाचं नाव घ्यायचं आणि एकेक बोट ओढायचं. नावं घरातल्या मोठ्या माणसाने सांगायची.

दुपारचे बारा वाजले होते. घागर नानांच्या खाटेशेजारी ठेवली होती. कुंदाबाई कुंकवाची वाटी घेऊन माझ्यापाशी बसल्या. नाना सांगू लागले. वडिलांचं नाव, आईचं नाव, दोन काकांची, देवीच्या साथीत गेलेल्या बहिणीचं. कुंदाबाई बोट ओढत होत्या. मग भिकुबाईचं नाव. कुंदाबाईंनी वाटीत पुन्हा बोट बुडवलं.

“आणखी कोणी, नाना?”

“बन्सी.”

कुंदाबाईंना वाटलं, जुन्या पिढीतला कोणी बन्सी असेल. पितरांच्या नावाला उलटा प्रश्न करायचा नसतो. त्यांनी बोट ओढलं.

“आन निंब.”

“निंबाचं बोट, नाना?”

“वढ, बेटा. मन्ह्या बठ्ठ्या बहिनी त्याना फांदीवर झुल्यात. त्याले बी तहान लागत व्हई.”

कुंदाबाईंनी क्षणभर डोळे मिटले. सकाळी पिंपळाला पाणी घालणाऱ्या बाईला, सगळ्या बहिणी ज्यावर झुलल्या त्या झाडाचं बोट कसं नाकारता येईल? त्यांनी बोट ओढलं. मग नाना सांगत गेले आणि त्या ओढत गेल्या. जिन, बाजाराची जागा, घाणी. घरातल्या माणसांना जेवढी जागा लागली त्याहून जास्त जागा त्या दिवशी गावाला लागली. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल झालो. कुंदाबाई डोळे पुसत सांजोऱ्या तळायला आत गेल्या.

आणि तेवढ्यात बाहेरून हाक आली.

“भटू! ओ भटू! घरमा शे का रे?”

उन्हाने काळवंडलेला, डोक्याला उपरणं गुंडाळलेला बन्सीलाल पायरीवर उभा होता. आखाजीला आपल्या गावात यावं म्हणून चोपड्याहून एसटी बदलत बदलत आला होता.

नाना दचकले नाहीत. त्यांनी शांतपणे दोन्ही हात जोडले.

“वना का, बन्सी? ये. तुन्हा नावनं बोट आतेच वढं.”

बन्सीलालला ते नीट ऐकू गेलं नाही. तहानेने त्याचा जीव चालला होता. त्याने सवयीप्रमाणे माझ्यावर पाय दिला आणि आत आला. नानांनी घागरीवरचा आंबा बाजूला ठेवला, लोट्यात पाणी भरलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. बन्सीलालने एका दमात संपवलं.

“गार शे रे पानी! आखो दे.”

नानांनी आणखी दिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“तठे पानी नही भेटस का, बन्सी?”

“भेटस ना. नळले एक दिवस आड येस. पन खारं शे.”

नानांनी मान हलवली. वरती सुद्धा असं आहे म्हणजे! मग जरा पुढे वाकून हळूच विचारलं, “आन भिकू? भिकू भेटनी का तठे?”

लोटा बन्सीलालच्या ओठांपाशी तसाच राहिला.

“भटू, वहिनीले जाईसन सहा वरीस व्हयनात. मले कशी भेटी?”

“तू बी गया ना आते.”

“कोठे गया? चोपडाले गयथू मी!”

आतून कुंदाबाई सांजोऱ्यांचं ताट घेऊन आल्या आणि लोटा पाहून जागीच थबकल्या. “अहो काका! ते पितरांचं पाणी!”

बन्सीलालने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा नानांकडे, मग खाली माझ्यावरच्या लाल रांगेकडे. तेल काढणारा माणूस, पेंड आणि तेल वेगळं करायला त्याला वेळ लागत नाही. तो फरशीवर मांडी घालून बसला आणि हसायला लागला. इतका हसला की उपरणं सुटलं.

“पिऊ दे वं माय, आते मी बी पितरच शे! यानी मन्हं बोटबी वढाले लावं! कोनी सांगं रे तुले, मी मरी गया म्हनून?”

“प्रेमराजनी.”

मागच्या दाराने प्रेमराज आला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला. “मी? मी म्हटलं होतं, काका तिथं राहिले नाहीत. तिथं! घाणी पाडली म्हणून. नाना, नंतर सांगतो असं म्हटलं होतं मी...”

“आन मंग?” नानांनी विचारलं.

 ते ‘नंतर’ आलंच नव्हतं.

नानांनी हात पुढे केला. बन्सीलालचा खांदा चाचपला, दंड चाचपला, कान ओढून पाहिला. “जित्ता शे,” ते म्हणाले. आणि मग ताटाकडे बोट करून लहान मुलासारखे म्हणाले, “बेटा, मले एक सांजोरी दे.”

तेव्हा कुंदाबाईंच्या लक्षात आलं. ताट हातात तसंच ठेवून त्या खाली बसल्या. “म्हणून गोड सोडलं होतं तुम्ही? वर्षभर?”

नानांनी नुसती मान हलवली. तोंडात सांजोरी होती.

त्या बाईचे हात मी रोजचे ओळखतो. तिचे सोमवारचे, चतुर्थीचे, एकादशीचे उपास घरभर सगळ्यांना माहीत असायचे. आणि तिच्यासमोर एका माणसाने वर्षभर व्रत केलं, मित्रासाठी, कोणाला न सांगता, आणि तिने त्याला बिनसाखरेचा चहा देत राहावं, हे तिला लागलं. फार लागलं.

बन्सीलाल उठला. “चाल भटू, बाहेर चाल. घाणीनी जागा देखू.”

नानांनी वॉकर धरला, चार पावलं आले आणि माझ्यासमोर थांबले. माझ्याकडे पाहिलं. कुंकवाची बोटं अजून ओली होती. नाना मागे वळले.

“र्‍हाऊ दे. तूच सांग मले, कसं शे तठे.”

मित्रांनो, त्या क्षणी मला कळलं. नानांच्या लेखी गाव मेलं होतं, मित्र मेला होता, आणि ते सगळं जिथून दिसेनासं झालं ती जागा मी होतो. गेलेल्या माणसांनी येऊन थांबावं म्हणून माझी पूजा होत होती, आणि जिवंत माणूस माझ्यामुळे अलीकडे अडकला होता. मी मनात म्हणालो, कुंदाबाई, बघा माझ्याकडे.

त्या बघतच होत्या. मग पदर खोचत, नेहमीच्याच हळू आवाजात नवऱ्याला म्हणाल्या, “ज्ञानेश्वर मिस्त्रींना उद्या सकाळी बोलवा.”

“अगं, पण तू... पितर कुठे थांबतील?”

“ज्यांना एवढी तहान लागते ते सपाट दारातूनही येतील. काका आले ना?”

बन्सीलाल म्हणाला, “मन्हं बोट तेवढं पुसू नको, माय. पुढे कामले येई.” आणि नानांनी त्याच्या पाठीत एक चापट मारली.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुंदाबाईंनी मला पुसलं. मधे चार टिंबं काढली, हात जोडले, पण लगेच उठल्या नाहीत. माझ्या खळगीवर तळवा ठेवून बसून राहिल्या. त्या दिवशी चहा निवून गेला. मग ज्ञानेश्वर मिस्त्री आला, पहार घातली, आणि सत्तर वर्षांनी मी जागचा हललो. दुखलं का? दुखलं. पण प्रेमराजने मला उचलून बाहेरच्या भिंतीला टेकवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. ज्या गावाची धूळ मी इतकी वर्षं अंगावर घेतली, ते गाव किती लहान होतं!

सिमेंट वाळायला दोन दिवस गेले. बन्सीलाल तेवढ्यासाठी राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी नाना नवं धोतर नेसून वॉकर घेऊन निघाले. दारात काळी चकचकीत पट्टी होती, फरशीच्या बरोबरीची. नाना तिथे आले आणि थांबले. मग त्यांनी उजवा पाय उचलला. चांगला अर्धी वीत उंच उचलला, जिथे मी असायचो तिथून वरून नेला, आणि पलीकडे सपाट जागेवर हळूच ठेवला. मग डावा, तसाच.

कोणी हसलं नाही. कुंदाबाईंनी तोंडाला पदर लावला.

नाना उतारावरून गल्लीत उतरले. घाणीच्या जागी आता डांबरी रस्ता आहे, कडेला विजेचा खांब. मला दोघांचे आवाज स्पष्ट येत होते.

“बैल आठे फिरे.”

“आठे नही, तठे. आठे पेंड ठेवेत.”

“घाणी मन्ही का तुन्ही रे?”

“तुन्ही. पन दिवसभर मीच बठे तठे.”

अर्धा तास भांडले दोघं. नाना दोन वर्षांत इतकं बोलले नव्हते. तिथून ते गढीखाली गेले, निंबाच्या जागेवर. तिथे काय भांडले ते मला ऐकू आलं नाही.

मी आता तुळशीजवळ दोन विटांवर असतो. कुंदाबाई येता-जाता हात लावतात. पुढे माझं काय होईल, ठाऊक नाही. लाकूड आहे, देवाच्या मनात असेल ते होईल. माझ्यासाठी तुम्ही काही करावं असं मला वाटत नाही. पण एक मागणं आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणीतरी दाराशी बसून विचारत असेल, ते झाड आहे का, ती विहीर आहे का, अमका कसा आहे. खूप वेळा उत्तर ‘नाही’ असंच असेल, त्याला तुमचा इलाज नाही. पण एक पाय बाहेर ठेवून ते सांगू नका. आत या, त्यांच्याजवळ बसा, आणि पूर्ण वाक्य बोला. काय गेलं ते सांगा, कुठे गेलं ते सांगा. आणि जे अजून आहे, ते आधी सांगा.